कळ, चमक, ठणका

फेब्रुवारी २०१४ मध्ये, श्टुटगार्टला येऊन जेमतेम पाच महिने झालेले असताना, एका रात्री माझ्या उजव्या बरगडीखाली दुखू लागले. जेवणानंतर तासाभराने कळ उठायची, हळूहळू चढायची, पाठीत शिरायची आणि उजव्या खांद्यापर्यंत जाऊन तिथेच ठाण मांडायची. दोन-तीन तासांनी ती ओसरली की मागे नुसता जडपणा उरायचा. नाशिकला असते तर गल्लीच्या टोकाशी असलेल्या डॉक्टरांसमोर बसून हे सगळे मी एका दमात सांगितले असते. इथे मात्र नवरा अर्ध्या दिवसाची रजा काढून माझ्यासोबत आला, कारण कामापुरते जर्मन तो शिकला होता आणि मला नमस्कार आणि धन्यवाद यांच्या पलीकडे काही येत नव्हते. डॉक्टर वयस्कर होते, मृदू बोलत होते, आणि इंग्रजी त्यांना बेताचेच येत होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहून काहीतरी विचारले. मी नवऱ्याकडे पाहिले. त्यावर त्यांनी आपली चाकाची खुर्ची हळूच नवऱ्याच्या बाजूला वळवली आणि पुढची दहा मिनिटे ती तशीच राहिली.

ते काय विचारत होते हे मला आज सांगता येते. दुखणे टोचल्यासारखे आहे, ओढल्यासारखे आहे, जळजळल्यासारखे आहे की बोथट आहे, हे जर्मन डॉक्टर नेमके विचारतात आणि त्यातल्या प्रत्येकाला त्यांच्या भाषेत वेगळा शब्द आहे. नवऱ्याने मला मराठीत विचारले, "कसं दुखतंय नक्की?" मी म्हणाले, "कळ येते. पाठीत शिरते, मग खांद्यापर्यंत जाते." तो क्षणभर थांबला आणि जर्मनमध्ये म्हणाला, "तिला पोटात खूप दुखते." त्याचा यात काहीही दोष नव्हता. कळ या शब्दाला जर्मनमध्ये काय म्हणायचे, हे त्याला कोणत्या वर्गात शिकवले असणार? मराठीत दुखण्याला केवढे शब्द आहेत! गळू ठसठसते, दाढ ठणकते, पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो, डोक्यात सणक जाते, चालून चालून पोटऱ्यांना रग लागते. हे सगळे शब्द त्या खोलीत माझ्याजवळ होते आणि त्यातला एकही तिथे चालत नव्हता. आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. पित्ताशयातले खडे सोनोग्राफीत दिसले ते त्यानंतर पाच आठवड्यांनी. कळ खांद्यापर्यंत जाते एवढे एक वाक्य पहिल्या दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचले असते, तर ते पाच आठवडे कदाचित वाचले असते.

मला त्या पाच आठवड्यांपेक्षा ती दहा मिनिटे अधिक लागली. मी त्या खोलीत सगळा वेळ हजर होते, दुखणे माझे होते, आणि बोलण्यात मी फक्त "ती" होते. ज्याला भाषा येत नाही त्याच्या वतीने दुसरे कोणीतरी बोलते, आणि ते माणूस कितीही प्रेमाचे असले तरी ते आपल्याला सारांशात सांगते. परदेशी राहायला गेलेल्या माणसाने तिथली भाषा शिकली पाहिजे का, या प्रश्नाचा विचार मी तेव्हापासून याच जागेवरून करत आले आहे. माझे उत्तर "हो, शिकलीच पाहिजे" असे आहे. पण ते उत्तर देणाऱ्या पुष्कळ लोकांशी माझे पटत नाही, आणि ते का, हे सविस्तर सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

मी ज्या घरात वाढले तिथे हा प्रश्न नवा नव्हता. मुंबईत येऊन वीस वर्षे झाली तरी ज्याला मराठी बोलता येत नाही, त्याच्याबद्दल आमच्या जेवणाच्या टेबलावर नेहमी तावातावाने बोलले जायचे, आणि महाविद्यालयात असताना त्या बोलण्यात मीही हिरिरीने भाग घ्यायचे. ज्या मातीत आपण पोट भरतो तिथली भाषा शिकणे हा साधा कृतज्ञतेचा भाग आहे, असे मी म्हणायचे. ते मत मी आजही सोडलेले नाही. मात्र तेव्हा ते मत मांडताना मी यजमान होते आणि आता पाहुणी आहे. जी अपेक्षा मी परळच्या टॅक्सीवाल्याकडून करत होते, ती इथे आल्यावर स्वतःकडून न करणे मला शोभले नसते.

जर्मनीच्या राज्यघटनेत देशाची भाषा जर्मन आहे असे कुठेही लिहिलेले नाही, हे कळल्यावर मला आश्चर्य वाटले होते. प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यात, म्हणजे १९७६ च्या कायद्याच्या तेविसाव्या कलमात, कार्यालयीन भाषा जर्मन आहे असे एक छोटेसे वाक्य आहे. व्यवहारात ते छोटे वाक्य फार मोठे ठरते, कारण या देशात सरकार माणसाशी बोलते ते पत्रांतून. घराच्या पत्रपेटीत पिवळे पाकीट पडले, की त्यावर टपालवाल्याने तारीख लिहिलेली असते, आणि त्या तारखेपासून मुदत मोजायला सुरुवात होते. पत्राच्या शेवटी, बहुधा सर्वांत अवघड भाषेत, निर्णय मान्य नसल्यास साधारणपणे एका महिन्याच्या आत हरकत घ्यावी असा परिच्छेद असतो. ज्याला तो वाचता येत नाही त्याचा हक्क त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, फळांच्या टोपलीखाली, संपून जातो.

मी इथे आले तेव्हा मला जर्मनचा एक शब्द येण्याचीही अट नव्हती. परदेशी असलेल्या जोडीदाराकडे जाण्यासाठी व्हिसा मागणाऱ्या नवरा-बायकोने प्राथमिक पातळीची, म्हणजे ए-१ ची, जर्मन परीक्षा आधी उत्तीर्ण झालेली असावी, असा नियम २००७ पासून आहे. परंतु उच्चशिक्षितांसाठी जे ब्लू कार्ड मिळते, त्या कार्डधारकाच्या जोडीदाराला या अटीतून सूट आहे. माझा नवरा अभियंता असल्याने मी थेट विमानात बसले. भारतीय उपाहारगृहात तंदूर सांभाळणाऱ्या माणसाची बायको मात्र आधी गावाकडून शहरात जाऊन, खोली भाड्याने घेऊन, तीन-चार महिने क्लास लावून परीक्षेला बसते, आणि नापास झाली तर पुन्हा बसते. हा भेद मला अन्यायाचा वाटतो, आणि तो दोन्ही बाजूंनी अन्यायाचा वाटतो. तिच्यावर संसार सुरू करण्याआधीच परीक्षेचे ओझे आले. मला सवलत मिळाली, आणि त्या सवलतीतून कोणी असे गृहीत धरले की अभियंत्याच्या बायकोला भाषेवाचून काही अडणार नाही. त्या डॉक्टरांच्या खोलीत माझे अडले होते.

मी शिकायला सुरुवात केली ती २०१५ च्या शरद ऋतूत, फोल्क्सहोखशूलेमध्ये. हे शब्दशः लोकांचे विद्यालय आहे. नगरपालिकेच्या आधाराने चालणाऱ्या या संस्थेत शिवणकामापासून हिशेबापर्यंत सगळे शिकवले जाते, आणि परदेशातून आलेल्यांसाठी असलेला सरकारी अभ्यासक्रमही तिथे चालतो. त्यात ६०० तास भाषेचे असतात आणि त्यानंतर देशाचा इतिहास, कायदा आणि चालीरीती यांचे आणखी काही तास, जे आता १०० झाले आहेत. आठवड्याला वीस तास धरले तरी नुसत्या भाषेला तीस आठवडे लागतात. त्या वर्षी सीरियातून लाखो लोक जर्मनीत आले होते. आमच्या वर्गात सीरियातल्या हलबचा, म्हणजे अलेप्पो शहराचा, एक शिंपी होता, इरिट्रियाची एक मुलगी होती, वृद्धांची सेवा करणारी एक पोलिश बाई रात्रपाळी संपवून थेट सकाळच्या तासाला यायची आणि पहिल्या रांगेत बसायची, म्हणजे झोप लागणार नाही. आमच्या बाईंना आमच्यापैकी कोणाचीही भाषा येत नव्हती. आम्हाला एकमेकांच्या भाषा येत नव्हत्या. जर्मन आमच्यापैकी कोणाचीच नसल्यामुळे ती आमच्या सगळ्यांची झाली होती, आणि हे मला फार आवडले होते.

मराठी माणसाला जर्मन इतरांपेक्षा थोडी आधी उमजते, असे माझे मत आहे. तिथे नामांना तीन लिंगे असतात: देर, दी आणि दास. इंग्रजी माध्यमात शिकून आलेले लोक या तीन लिंगांपुढे हात टेकतात. आपण तर तो, ती, ते म्हणतच बोलायला लागतो. दास किंड म्हणजे ते मूल. मुलगी हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे, यावर वर्गातल्या सगळ्यांना नवल वाटले तेव्हा मला आमच्या आजीचे "ते पोर अजून जेवलं नाही" हे वाक्य आठवले, आणि ते पोर म्हणजे मी असायचे. आपल्यापेक्षा मोठ्याला किंवा अनोळखी माणसाला झी आणि घरच्याला डू, हे तुम्ही आणि तू इतकेच सरळ आहे. आणि सगळ्यांत गोड म्हणजे ती चतुर्थी विभक्ती. मिअर गेफेल्ट, मला आवडते. मिअर इस्ट काल्ट, मला थंडी वाजते. आवडणे आणि थंडी वाजणे ही मी करत नाही, ती मला होतात, हे ज्या भाषेला आपल्यासारखेच वाटते ती भाषा मला त्या दिवसापासून परकी राहिली नाही. बाईंनी फळ्यावर मिअर हा शब्द लिहिला, तेव्हा मी वहीत त्याच्या शेजारी "मला" असे लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. ती वही अजून माझ्याकडे आहे.

वर्गाबाहेरचे माझे खरे शिक्षण झाले ते जिन्यावर. आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडे आहेत. श्वाबेन भागात केअरवोखे नावाची जुनी पद्धत आहे. ज्या बिऱ्हाडाचा आठवडा असेल त्याच्या दारावर एक लाकडी पाटी अडकवली जाते, आणि त्या आठवड्यात जिना झाडणे-पुसणे हे त्यांचे काम. तळमजल्यावरच्या आजींना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, म्हणून त्या माझ्या सर्वांत चांगल्या शिक्षिका ठरल्या. त्या पुस्तकातले जर्मन बोलत नसत, श्वाबिश बोलत. एकदा बादली उचलताना मांडीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "माझा फूस दुखतो." पुस्तकात फूस म्हणजे पाऊल आणि पायाला बाइन असा वेगळा शब्द. मी घरी येऊन शब्दकोश चाळला, मग बाईंना विचारले, तेव्हा कळले की श्वाबिशमध्ये कमरेपासून टाचेपर्यंत सगळ्याला फूस म्हणतात. म्हणजे आपला पाय! आपल्याकडे तरी पाय कुठे सुरू होतो आणि पाऊल कुठे संपते, हे बोलण्यात कोण पाहते?

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या तुर्की बाईंना मी तेय्झे म्हणते. तुर्की भाषेत तेय्झे म्हणजे मावशी. त्या १९७१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इथे आल्या आणि एका कारखान्यात सत्तावीस वर्षे खोकी भरण्याच्या पट्ट्यावर उभ्या राहिल्या. त्या इथे का आल्या हे समजून घेतल्याशिवाय "परदेशी लोक भाषा शिकत नाहीत" हे इथे वारंवार ऐकू येणारे वाक्य तपासता येत नाही. युद्धानंतर पश्चिम जर्मनीला हात कमी पडत होते. १९५५ मध्ये इटलीशी आणि ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानशी कामगार आणण्याचे करार झाले. तुर्कस्तानशी झालेल्या करारात आरंभी दोन वर्षांची मर्यादा होती, म्हणजे कामगाराने दोन वर्षे राबायचे आणि परत जायचे, मग दुसरा येणार. १९६४ मध्ये ही मर्यादा काढली, कारण शिकवून तयार केलेला माणूस परत पाठवणे कारखान्यांना परवडत नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून आर्मांदो रोद्रिगेश द सा या पोर्तुगीज सुताराचे कोलोन-डॉइट्झ स्थानकावर वाजतगाजत स्वागत झाले, आणि त्याला एक मोपेड भेट देण्यात आली. ती मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती थांबली, पण आलेली माणसे राहिली, त्यांची कुटुंबे आली, मुले झाली. त्यांच्यासाठी इथे-तिथे काही वर्ग निघाले खरे, पण कायमचे राहायला येणाऱ्यांना भाषा शिकण्याचा हक्क देणारा, देशभराचा, कायद्याने ठरवलेला अभ्यासक्रम सुरू झाला तो १ जानेवारी २००५ पासून. तुर्की करारानंतर ४३ वर्षांनी. ज्या देशाने मोपेड द्यायची आठवण ठेवली आणि पुस्तक द्यायचे राहून गेले, त्या देशाने पुढे त्याच लोकांना "तुम्ही शिकला का नाहीत" असे विचारावे, हे मला सहन होत नाही.

तेय्झे मला सांगतात, की पट्ट्यावर बोलायला वेळच नसायचा. मुकादम हाताने खुणा करायचा, बाजूची बाई स्पॅनिश होती, पलीकडची ग्रीक. संध्याकाळी घरी आल्यावर चार माणसांचा स्वयंपाक. वर्ग कधी लावणार? म्हणून दवाखान्यात त्या आपल्या मुलीला नेत. मुलगी शाळेत जर्मन शिकली होती. ती दहा वर्षांची असताना एका तपासणीनंतर डॉक्टरांनी तिला सांगितले, की तुझ्या आईचे गर्भाशय काढावे लागेल. त्या मुलीला गर्भाशय हा शब्द जर्मनमध्येही ठाऊक नव्हता आणि तुर्कीतही नव्हता. तिने आईला सांगितले, "पोटात काहीतरी खराब झालंय, ते काढणार आहेत." पुढे मूल होणार नाही हे डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य तिला समजले होते, पण आईच्या तोंडाकडे पाहून ते तिने गाळले. तेय्झेंना ते शस्त्रक्रियेनंतर कळले. ती मुलगी आज पन्नाशीला आली आहे, स्वतः आई आहे, आणि त्या गाळलेल्या वाक्याबद्दल तिने आईशी कधीही बोलणे काढलेले नाही. तेय्झेंनीही काढलेले नाही. मला त्यांनी हे सांगितले ते जिना पुसताना, माझ्याकडे न पाहता, आपल्या मोडक्या-तोडक्या श्वाबिशमध्ये.

"मुलं असतात ना सांगायला," असे जेव्हा कोणी सहज म्हणते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती दहा वर्षांची मुलगी येते. माझ्यावरही ती वेळ आली होती, अगदी लहान रूपात. मुलगा पाच वर्षांचा असताना एका दुपारी त्याला बालवाडीतून आणायला गेले. बाईंनी मला काहीतरी विचारले, आणि मी वाक्य जुळवत असतानाच त्याने माझ्या वतीने उत्तर दिले. बाई खाली वाकून त्याच्याशी बोलू लागल्या. उद्या रेनकोट आणायचा आहे एवढाच विषय होता. पण घरी येताना त्याने माझा हात धरला होता तो मला रस्ता ओलांडायला मदत केल्यासारखा, असे मला वाटले. तोवर सरकारी अभ्यासक्रमाची बी-१, म्हणजे मध्यम पातळीची, परीक्षा मी दिली होती आणि पुढे शिकण्याची मला कोणतीही सक्ती नव्हती. त्याच आठवड्यात मी बी-२ च्या वर्गात नाव घातले.

मराठीचे काय, असे मला नेहमी विचारले जाते. इथली भाषा शिकली म्हणजे आपली सुटते, ही भीती मराठी मंडळाच्या प्रत्येक गणपतीत कोणीतरी बोलून दाखवते. भीती खोटी नाही. माझा मुलगा लहानपणी "मला थंड आहे" असे म्हणायचा, कारण त्याच्या डोक्यात जर्मन वाक्य आधी तयार होत असे. मी दर वेळी "थंडी वाजते" असे म्हणायचे आणि तो दर वेळी विचारायचा, "वाजते म्हणजे आवाज होतो का?" पण त्याची मराठी माझ्या जर्मनने हिरावली नाही. मी जर्मन शिकत नव्हते त्या वर्षांत उलट मी त्याच्याशी कमी बोलत होते, कारण बाहेरून येताना मी खचलेली असायचे. बाहेर बोलता येऊ लागल्यावर घरात बोलायला माझ्याजवळ काहीतरी उरू लागले. आता तो बारा वर्षांचा आहे आणि आजीशी फोनवर अर्धा अर्धा तास मराठीत बोलतो.

इंग्रजीवर भागते, असेही म्हणणारे आहेत. बर्लिनमधल्या संगणक-कंपन्यांत ते भागतेही, दिवसाचे आठ तास. परंतु घरमालकाशी, शाळेतल्या पालकसभेत, रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ते भागत नाही. फोनमधले भाषांतर पत्रापुरते कामाला येते, हे मी मान्य करते.

मला अधिक चिंता वाटते ती दुसऱ्या टोकाच्या लोकांची. भाषा येत नसेल तर मदत बंद करा, घर देऊ नका, असे म्हणणारे आता उघडपणे बोलू लागले आहेत. भाषा शिकवण्यासाठी माणसाला उपाशी किंवा आजारी ठेवणे मला मान्य नाही. इथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात मूकबधिरांच्या खुणांच्या दुभाष्याचा खर्च मिळतो, परकी भाषा बोलणाऱ्या रुग्णाच्या दुभाष्याचा सर्वसाधारणपणे मिळत नाही, आणि जोवर तो मिळत नाही तोवर दहा वर्षांची मुले डॉक्टरांसमोर उभी राहणारच. शिकण्याची अपेक्षा करणाऱ्याने शिकेपर्यंतचा काळ सुसह्य करण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. २७ जून २०२४ पासून लागू झालेल्या नागरिकत्वाच्या नव्या कायद्यात, ३० जून १९७४ पर्यंत पश्चिम जर्मनीत आलेल्या पाहुण्या कामगारांच्या पिढीला लेखी भाषा-परीक्षेची आणि नागरिकत्वाच्या चाचणीची अट उरलेली नाही. रोजच्या व्यवहारापुरते बोलता आले की पुरते. मी ही बातमी तेय्झेंना वाचून दाखवली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला हवं होतं ते." त्यांचे पती जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. त्यांनी स्वतः अर्ज केलेला नाही.

आणि यजमानाचे आणखी एक काम असते, ज्यासाठी कायदा लागत नाही, सरकार लागत नाही. ते म्हणजे थांबणे. पहिल्या वर्षी मी बेकरीत जाऊन मोठ्या धीराने जर्मनमध्ये पाव मागायचे आणि काउंटरवरची मुलगी हसून इंग्रजीत उत्तर द्यायची. तिचा हेतू चांगला होता. पण दर वेळी इंग्रजी ऐकले की मला वाटायचे, दार उघडले आणि पुन्हा लावून घेतले. तळमजल्यावरच्या आजी मात्र माझे वाक्य पूर्ण होईपर्यंत, हातातली झाडणी तशीच धरून, उभ्या राहायच्या.

हे मला दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये नाशिकला लख्ख दिसले. आईच्या घराचे रंगकाम चालले होते. रंगारी गोरखपूरकडचा, नाशिकमध्ये येऊन सहा वर्षे झालेला. आई त्याला म्हणाली, "भैया, ये कोना रह गया." तो शिडीवरून म्हणाला, "हो काकू, घेतो ना. आधी लांबी भरतो, सुकू द्या, मग दुसरा हात मारतो." स्वच्छ मराठी, लाडक्या हेलासकट. आई पुढचे वाक्यही हिंदीतच बोलली. दिवसभर ती हिंदीत विचारत होती आणि तो मराठीत उत्तरे देत होता. संध्याकाळी मी आईला म्हणाले, "आई, तो मराठी बोलतो." आई म्हणाली, "अगं हो, छान बोलतो. पण सवय आहे ना आपल्याला." त्याने सहा वर्षे लावून भाषा शिकली आणि ती शिकल्याचे ज्या घरात कौतुक व्हायला हवे, त्याच घरात त्याला कोणी ती बोलू देत नव्हते. जेवणाच्या ज्या टेबलावर आम्ही मराठी न शिकणाऱ्यांवर चिडायचो, ते टेबल त्या दिवशी रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून जुन्या चादरीखाली झाकलेले होते. दुसऱ्या दिवशी आईने त्याला विचारले, "चहा घेणार का?" त्याने शिडीवरून खाली पाहिले आणि म्हणाला, "घेतो की."

या वर्षी मार्चमध्ये तेय्झेंचा पाय फार दुखू लागला. मुलगी दुसऱ्या शहरात असते, म्हणून दवाखान्यात मी सोबत गेले. डॉक्टर तरुण होते, सीरियातून आलेले. इथे परदेशातून येऊन डॉक्टरकी करायची तर वैद्यकीय जर्मनची सी-१, म्हणजे प्रगत पातळीची, वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि ती त्यांनी दिलेली होती हे त्यांच्या प्रत्येक वाक्यात ऐकू येत होते. पुस्तकातले, जपून उच्चारलेले, एकही प्रत्यय न चुकणारे जर्मन. तेय्झे म्हणाल्या, "फूस दुखतो." त्यांनी वाकून तेय्झेंच्या पावलाला हात लावला आणि विचारले, इथे की इथे? तेय्झे मान हलवत राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, की श्वाबिशमध्ये फूस कमरेपासून सुरू होतो, आणि त्या कारखान्यात श्वाबिशच शिकल्या. डॉक्टर हसले. "हे मला परीक्षेत नव्हते," ते म्हणाले आणि त्यांनी ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतले.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. टोचल्यासारखे, ओढल्यासारखे, की बोथट? प्रश्न त्यांनी माझ्याकडे पाहून विचारला होता. मला ते सगळे शब्द आता येतात. कंबरेतून खाली पोटरीपर्यंत उतरते ती चमक, हेही मला ठाऊक होते, कारण जिन्यावर तेय्झेंनी मला हाताने दाखवले होते. मी काही बोलले नाही, तेय्झेंकडे पाहिले. डॉक्टरांच्या ते लक्षात आले असावे. त्यांनी आपली खुर्ची त्यांच्या बाजूला वळवली, पुन्हा तोच प्रश्न सावकाश विचारला, आणि पेन खाली ठेवून थांबले. तेय्झेंना शब्द सापडायला वेळ लागला. त्यांनी आधी तुर्कीत काहीतरी पुटपुटले, मग मांडीवरून बोट खाली ओढत नेले आणि म्हणाल्या, "सुईसारखं. शिवणयंत्राच्या. चालू असताना."